रिकामी मात्रा

१४ एप्रिलच्या, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या, संध्याकाळी आमच्या शहरातील भडकल दरवाजाचा परिसर ज्याने एकदा अनुभवला आहे, त्यास ध्वनी ही केवळ श्रवणेंद्रियाची बाब आहे असे कोणी सांगू लागल्यास ते पटणे कठीण. क्रांती चौकाच्या बाजूने मिरवणुका येत असतात, निळ्या झेंड्यांची दाटी वाढत असते, वाहनांवर एकावर एक रचलेल्या स्पीकरांच्या भिंतींतून भीमगीतांचा ठेका सुटत असतो, आणि तो कानांवर येण्यापूर्वीच छातीच्या पिंजऱ्यात, दुकानांच्या शटरांत आणि पायांखालच्या डांबरात उमटतो. हा दरवाजा मलिक अंबरने १६१२ साली मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून उभारला. त्याआधी दोनच वर्षे, १६१० मध्ये, त्याने खडकी येथे नगर वसवले होते, आणि तेच पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर या नावाने नांदत आहे. इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला आणि अखेर निजामशाहीचा कारभार आपल्या हाती घेऊन जहांगीर बादशहाच्या फौजांना वर्षानुवर्षे झुंजवणारा हा हबशी पुरुष. त्याच्या जमाबंदीची वाखाणणी दख्खनच्या महसुली इतिहासात झाली, आणि त्याच्या नहरीने या शहरास पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजले.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की ज्या संगीताविषयी मी लिहिणार आहे ते जमैका बेटावरील, गुलामांच्या वंशजांनी निर्माण केलेले संगीत आहे, आणि त्या बेटावरील रास्ताफारी पंथाचे लोक १९३० साली राज्याभिषेक झालेल्या सम्राट हेले सेलासीच्या इथिओपियास आपली पुण्यभूमी मानतात. मलिक अंबरच्या वेशीत आणि किंग्स्टनच्या गल्ल्यांत कार्यकारणाचा धागा आहे, असा दावा मी करीत नाही. परंतु ज्यांना माणूस म्हणून मोजण्यास जगाने दीर्घकाळ नकार दिला, त्या दोन समाजांनी, एकमेकांची वार्ता नसताना, आपला आनंद व्यक्त करण्यासाठी रस्त्यावर स्पीकरांच्या भिंतीच उभ्या कराव्यात, आणि त्यांतील एका समाजाने त्या एका हबशाने बांधलेल्या दरवाजापाशी उभ्या कराव्यात, ही गोष्ट मला या शहराचा रहिवासी म्हणून फार मोलाची वाटते. किंग्स्टनमध्ये या भिंतींना साउंड सिस्टिम म्हणतात, आणि डब नावाचा संगीतप्रकार त्यांच्याचसाठी जन्मास आला.

डबचा विधी थोडक्यात असा: तयार झालेल्या गाण्याची मूळ फीत घ्यावयाची, तीत गायन आणि वाद्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात तेथून एकेकास उचलावयाचे, दाबावयाचे, पुन्हा आणावयाचे, आणि जे उरेल त्याच्या मागे प्रतिध्वनीची लांब सावली सोडावयाची. गाणे नवे रचले जात नाही. असलेल्या गाण्यातून कमी केले जाते. १९६८ च्या सुमारास रडी रेडवुड नावाच्या एका साउंड सिस्टिमवाल्यासाठी ट्रेझर आयल स्टुडिओत तबकडी कापली जात असता गायनाचा पट्टा तीत उतरलाच नाही, आणि रेडवुडने ती तशीच आपल्या नाचाच्या मैफलीत लावली. तेव्हा जमलेल्या लोकांनी गायकाची वाट न पाहता ते शब्द स्वतःच म्हणावयास प्रारंभ केला. गायकाने रिकामी केलेली जागा श्रोता भरतो, हे तेथून पुढे त्या बेटावरील ध्वनियोजकांनी कधी विस्मरणात जाऊ दिले नाही.

या कलेचा आद्य शिल्पकार म्हणजे किंग टबी. खरे नाव ऑस्बर्न रडॉक, जन्म १९४१, पेशा रेडिओ व विजेची उपकरणे दुरुस्त करण्याचा. वॉटरहाउस वस्तीतील आपल्या घरात त्याने स्टुडिओ थाटला होता. गायकास उभे करण्यासाठी वेगळी खोली नव्हती म्हणून स्नानगृहाचाच उपयोग केला जाई. फीत अवघ्या चार पट्ट्यांची. डायनॅमिक स्टुडिओकडून विकत घेतलेल्या जुन्या एमसीआय मिक्सरवर खालचे स्वर गाळणारे एक बटण होते, ते फिरवून तो वाजत्या झांजेस पाहता पाहता पत्र्यासारखी पातळ करी. आणि निनाद उत्पन्न करणाऱ्या स्प्रिंगच्या रिव्हर्बला हाताने धक्का देऊन मेघगर्जना उत्पन्न करी. डबचा दुसरा मोठा शिल्पकार ली पेरी याने १९७३ मध्ये आपल्या घराच्या परसातच ब्लॅक आर्क स्टुडिओ बांधला. म्हणजे डब ही मुळातच घरात बसून करण्याची विद्या आहे, आणि आज जो कोणी आपल्या खोलीत संगणकावर रीपर किंवा आर्डर यांसारखे सॉफ्टवेअर उघडून हे काम करू पाहतो, त्याने आपण एखाद्या थोर स्टुडिओची दुय्यम नक्कल करीत आहोत असे मनात आणण्याचे प्रयोजन नाही. ६ फेब्रुवारी १९८९ रोजी टबीस त्याच्या घराबाहेर गोळी घालून ठार करण्यात आले. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी ती विद्या जगभर नेली. लंडनमध्ये १९९३ साली दक्षिण आशियाई तरुणांनी एशियन डब फाउंडेशन स्थापन केले, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात २०१६ पासून रेगे संगीताचा सनस्प्लॅश महोत्सव भरू लागला.

डब ज्यातून निघाला त्या रेगेच्या तालात एक चमत्कार आहे. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर, म्हणजे जेथे आपला कान सम शोधतो नेमका तेथे, मुख्य नगाऱ्याचा आघात नसतो; तो तिसऱ्या मात्रेवर पडतो. प्रथम ऐकताना पायरी चुकल्यासारखे होते. परंतु आमच्या तालशास्त्राच्या संस्कारात वाढलेल्या माणसास ही चाल परकी वाटण्याचे कारण नाही. केरव्याच्या आठ मात्रांत पाचव्या मात्रेवर काल येतो, तेथे तबल्याचा डावा हात आपला घुमार आवरून घेतो आणि सारा भार उजव्या हाताच्या कोरड्या बोलांवर जातो. पुढे डग्गा परत आला की तो जितका भारदस्त वाटतो तितका तो सतत वाजत राहिला असता तर कधीही वाटला नसता. डबमध्ये ध्वनियोजक बास गिटार दोन आवर्तने काढून घेतो आणि मग एकाएकी परत सोडतो, त्याचे मर्म हेच आहे. आमच्याकडील फरक इतकाच की काल कोठे यावा हे तालाने ठरवून दिलेले असते, आणि डबमध्ये ते आवाज कमीजास्त करणाऱ्या फेडरवर बोट ठेवणाऱ्याच्या मर्जीवर असते.

माझ्या मामांनी महाडच्या चवदार तळ्यावर एक गीत पूर्वी रचले होते. १९२७ च्या मार्च महिन्यातील तो सत्याग्रह, ओंजळीत घेतलेले ते पाणी. विषय अनेकांनी गायिलेला, परंतु मामांच्या चालीत एक धीमेपणा आहे जो मला अन्यत्र आढळला नाही. लोककवी वामनदादा कर्डकांना ऐकत वाढलेली ही पिढी. मामा गायन पार्टीतून गंगापूर, वैजापूरच्या खेड्यांतून गात फिरलेले. या गीताचा डब करावा असे मी ठरवले, तेव्हा पहिली अडचण उभी राहिली ती अशी की त्यांच्याजवळ जी जुनी कॅसेट होती तीत आवाज, ढोलकी, हार्मोनियम आणि कोरस यांचा एकच गोळा झालेला. त्यातून काही काढणे शक्य नव्हते. आता आवाज विलग करणारी संगणकीय साधने निघाली आहेत हे खरे, पण अशा कॅसेटवर त्यांची मात्रा चालत नाही. ढोलकीच्या थापेबरोबर शब्दांचे व्यंजनही निघून येते. सबब गीत नव्याने मुद्रित करावयाचे ठरले.

मांडणीचा विचार करताना मी किंग्स्टनचा वाद्यमेळ येथे आणून बसवण्याचा मोह टाळला. ऑगस्टस पाब्लो याने आपल्या डब रचनांतून मेलोडिका या तोंडाने फुंकावयाच्या वाद्यास अढळ स्थान मिळवून दिले. मेलोडिकातही हवेच्या झोताने कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्याच असतात आणि हार्मोनियममध्येही त्याच, तेव्हा रेगेतील गिटार जे तुटक आघात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर देते ते मी हार्मोनियमकडून देवविले, भाता पुरता न भरता, स्वर उमटतो न उमटतो तोच पट्टी सोडून. लयीचा वेग मिनिटास ७५ मात्रा. ढोलकीवर दोन मायक्रोफोन, शाईच्या तोंडाकडे एक आणि डाव्या तोंडाकडे एक. ढोलकीवाले माझ्या मामांचेच जुने साथीदार; वय झाले असले तरी डाव्या तोंडावर तळवा दाबून जो ओढता घुमारा ते काढतात तो ऐकून मन तृप्त होते. मुद्रणाचा दिवस मात्र पाण्याचा नसेल असा पाहावा लागला, कारण आमच्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते आणि ते आले की साऱ्या गल्लीतील मोटारी एकदम सुरू होतात, मग कितीही चांगला मायक्रोफोन असला तरी त्यात मोटारच मुख्य गायिका ठरते. पंखा बंद, खिडकीवर गादी, आणि उन्हाळ्याचे दिवस. दोघा वृद्धांनी तक्रारीचा शब्द काढला नाही.

बास गिटार आणि ढोलकीचा घुमारा यांच्यात लागलीच तंटा उपस्थित झाला. दोघेही खालच्या पट्टीचे रहिवासी, दोघांनाही एकच जागा हवी. पुस्तकी उपाय असा की फिल्टर लावून ढोलकीचे खालचे स्वर कापावेत आणि ती जागा बासच्या नावे लिहून द्यावी. परंतु ज्या घुमाऱ्यासाठी त्या माणसाचे आयुष्य गेले तोच कापून टाकणे हे मला न्यायाचे दिसेना. म्हणून मी बासची चालच बदलली. जेथे घुमारा बोलतो तेथे बासने गप्प राहावे, घुमारा ओसरला की बासने त्याचेच वाक्य पुढे न्यावे, अशी तजवीज केली. आणि ज्या क्षणी हे साधले त्या क्षणी फिल्टरची आवश्यकताच उरली नाही. मांडणीत सुटणारा प्रश्न मिश्रणाच्या दप्तरी पाठवू नये, हे मी यातून शिकलो.

खोलीचाही एक स्वभाव असतो. मामा काळी एकमध्ये गातात. बास षड्ज, मध्यम आणि पंचम या तीनच स्वरांवर फिरत होता, आणि त्यांपैकी मध्यम मात्र स्पीकरमधून सारखा फुगून येई, जणू वादकाने तेवढाच स्वर जोराने छेडला असावा. वास्तविक त्याचा दोष नव्हता. काळी एकचा मध्यम म्हणजे काळी तीन; खालच्या सप्तकात त्याची कंपने सेकंदास सुमारे ४६, आणि बारा फूट लांबीच्या खोलीत दोन भिंतींच्या मध्ये जी ध्वनिलहर अडकून उभी राहते तिची कंपनेही ४७ च्या आसपास. भिंतीच त्या स्वरास हात देत होत्या. फिल्टरने तो स्वर दाबला असता तर माझ्या खोलीत तो समतोल झाला असता आणि बाहेर सर्वत्र दुबळा पडला असता. खालच्या स्वरांचा निवाडा अशा वेळी एका जागी बसून करू नये. हेडफोनवर, दुसऱ्या खोलीत, मोटारगाडीत, असा चार ठिकाणी रुजू करून घ्यावा.

आता प्रतिध्वनी. मिनिटास ७५ मात्रा म्हणजे एक मात्रा ८०० मिलिसेकंदांची. प्रतिध्वनी जर नेमक्या ८०० वर ठेवला तर तो पुढच्या मात्रेवर पडून तिच्यात लपून जातो, आणि ६०० वर, म्हणजे पाऊण मात्रेवर ठेवला तर तो ठेक्याच्या फटींतून डोकावतो आणि ढोलकीशी आडव्या लयीत बोलू लागतो. मी ६०० पसंत केले. परत येणाऱ्या ध्वनीतून खालचे स्वर गाळले, नाही तर प्रत्येक आवर्तनागणिक गाळ साचत जातो. वरचेही थोडे गाळले, म्हणजे जुन्या फितीवरील प्रतिध्वनीप्रमाणे तो दूर जाता जाता धूसर होतो. पुनरावृत्तीचे प्रमाण वाढवत नेले की एका मर्यादेपलीकडे प्रतिध्वनी क्षीण होण्याऐवजी स्वतःवरच पोसला जाऊन गर्जू लागतो. त्या मर्यादेच्या काठावर त्यास क्षणभर नेऊन परत आणणे यात डब करणाऱ्याचा हात दिसतो.

गीताच्या धृपदात अखेरचा शब्द ‘पाणी’ असा आहे. मी मामांचा आवाज त्या ओळीत प्रथम पूर्ण ठेवला. दुसऱ्या वेळी ओळ मध्येच तोडली आणि ‘पाणी’मधील केवळ शेवटच्या ‘णी’वर प्रतिध्वनीचे दार उघडले. दार एका अक्षराइतकेच उघडावयाचे आणि लगेच लावावयाचे. आधीचे अक्षर आत शिरले तर गोंधळ होतो, उशीर झाला तर नुसता श्वास शिरतो. ते साधले तेव्हा ‘णी’ हे अक्षर ढोलकीच्या वरून लहान लहान होत गेले, आणि तिसऱ्या वेळी मी आवाज पूर्णच काढून घेतला. केवळ बास, घुमारा आणि जेथे शब्द असावयाचा तेथे मोकळी जागा. मामांना हे ऐकवले तेव्हा ते प्रथम अस्वस्थ झाले. “अरे, माझी ओळ कुठं गेली?” त्यांनी विचारले. “मामा, ओळ तुम्ही आधी गायलीच आहे. आता ती ऐकणाऱ्यानं म्हणायची,” असे मी म्हणालो. त्यांनी पुन्हा लावावयास सांगितले, आणि त्या रिकाम्या जागेवर ते स्वतःच हळू आवाजात ‘पाणी’ म्हणाले. मग म्हणाले, “आम्ही काय वेगळं करत होतो? तिसऱ्या कडव्याला मी तोंड फिरवून उभा राहायचो. सगळं गाव म्हणायचं.” जमैकातील त्या रात्री रेडवुडला जे गवसले ते वैजापूरच्या पारावर माझ्या मामांना आधीच अवगत होते, हे त्या वाक्याने मला कळले.

निनादासाठी मी वेरूळला गेलो. दहाव्या क्रमांकाचे लेणे हे तेथील एकमेव चैत्यगृह; लाकडी वाशांची आठवण ठेवून कोरलेल्या दगडी फासळ्यांचे कमानदार छत, म्हणून लोक त्यास सुतार की झोपडी म्हणतात. आतील दालन साधारण ८५ फूट लांब, ४३ फूट रुंद, ३४ फूट उंच, कडेने अष्टकोनी स्तंभांच्या रांगा, आणि पुढे स्तूपास टेकून बसलेले बुद्ध. तेथे कोणी ‘बुद्धं सरणं’ म्हटले की स्वर छताच्या फासळ्यांत चढतो आणि सुटा सुटा न होता एकसंध गुंजत राहतो. सकाळी गर्दी होण्यापूर्वी तेथे वाजवलेल्या एका टाळीचे मुद्रण मी घरी आणले; रीपरमध्ये रीव्हर्ब नावाचे एक प्लगइन आहे, त्यास असे मुद्रण दिले की ते त्या वास्तूचा निनाद दुसऱ्या कोणत्याही ध्वनीस लावू शकते. जाणकार म्हणतील की डबचा निनाद स्प्रिंगचाच हवा, आणि हार्मोनियमच्या आघातांना मी तो स्प्रिंगचाच दिलाही. परंतु मामांचा आवाज मी त्या चैत्यगृहात नेऊन उभा केला. तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्या आणि पुढे बुद्धाच्या चरणी गेलेल्या समाजाचे ते गीत. त्यास याहून उचित खोली माझ्या माहितीत नाही.

अखेरचे मिश्रण मी हाताने केले. संगणकात प्रत्येक फेडरची हालचाल माउसने रेघा ओढून आखून देता येते, आणि ती अचूक असते, पण अशा अचूक डबमध्ये जीव राहत नाही. म्हणून फेडरांची एक छोटी पेटी जोडून, गाणे आरंभापासून अखेरपर्यंत वाजू देऊन, बोटांनी ते घडवावे आणि संगणकाने ते केवळ टिपून घ्यावे, हा मार्ग मला श्रेयस्कर वाटतो. टबीच्या काळी घडले ते घडले, त्यात दुरुस्तीस वाव नव्हता. आज दुरुस्तीची मुभा आहे. ती थोडी वापरावी.

आमच्या शहरातील तरुण जयंतीसाठी आणि इतर मिरवणुकांसाठी जी मिश्रणे घरोघरी तयार करतात ती मी आस्थेने ऐकतो. त्यांची तंत्रावरील पकड उत्तम आहे, लयीची जाण तर उपजत. माझे म्हणणे एवढेच की त्यांत श्वास घेण्यास जागा नसते; प्रत्येक मात्रा भरलेली, प्रत्येक ध्वनी लिमिटरच्या कमाल पातळीस जाऊन टेकलेला, आणि मग जोर आणण्यासाठी स्पीकरांची संख्या वाढवण्यावाचून इलाज राहत नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आणि रात्री दहाची मर्यादा यांवरून दर वर्षी वाद होतात, त्या वादात मी पडत नाही. परंतु छातीवर येणारा भार आवाजाच्या पातळीपेक्षा त्याच्या आधीच्या रितेपणातून अधिक येतो, हे डब ऐकणाऱ्यास उमगते. आणि ज्यांच्या घरात ढोलकी, हलगी आणि संबळ आहे, ज्यांच्या आजोबांनी गावाकडून ओळ म्हणवून घेतली आहे, त्यांनी ही विद्या हाती घेतली तर ती किंग्स्टनच्या तोडीची होईल याविषयी मला संशय नाही.

त्यासाठी एक काम आजच करावयास हवे. मराठवाड्यातील जे शाहीर आणि गायन पार्ट्यांतील जे जुने कलावंत अद्याप हयात आहेत, त्यांचे मुद्रण करणाऱ्या प्रत्येकास माझी विनंती आहे: आवाज, ढोलकी, हार्मोनियम आणि कोरस वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यावेत, त्यांवर कोणताही परिणाम न चढवता ते कोरेच राखावेत, मिसळलेल्या एका फाइलवर समाधान मानू नये, प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि त्या नोंदीत गायकाबरोबर ढोलकीवाल्याचेही नाव लिहावे.